चुन्यावरचा आकडा

हेदरने पोलादी खांबावरच्या चुन्याला बोट लावले आणि लगेच मागे घेतले. चुन्यावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘लोसा, तीस टन. पैज.’ अक्षर बाबांचे.

“चाचणीत हे जाईल, ताई,” लोसा म्हणाली. “पोलाद वाकलं की चुना गळतो. कुठे वाकलं ते कळावं म्हणूनच लावतो. तुला आधी दाखवावंसं वाटलं. पापांनी स्वतः लावलाय हा चुना.”

“पापा कोण?” हेदरने माहीत असूनही विचारले.

“आम्ही सामोअन लोक मोठ्या माणसाला...”

“ते माझे बाबा होते.”

क्राइस्टचर्चच्या त्या प्रयोगशाळेत प्रत्येक खांबावर पैज लागे, किती भाराला वाकेल याची. हरणाऱ्याने केक आणायचा.

“म्हाताऱ्याला कधीच आणावा लागला नाही,” यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ डेस म्हणाला. “आता तर सुटलाच.”

बाबा जाऊन पाच आठवडे झाले होते. हेदरने घरातली सगळी कपाटे उपसली. तिच्या नावाची एकही चिठ्ठी निघाली नाही. आणि इथे खांबावर बाबांच्या या विद्यार्थिनीचे नाव.

“तू नको म्हणालीस तर खांब तसाच ठेवते,” लोसा म्हणाली. “प्रबंध उरलेल्या अकरा खांबांवर भागवीन.”

“तुझा आकडा किती?”

“शंभर.”

हेदरने पुन्हा त्या अक्षराकडे पाहिले.

“करा सुरू. हरलीस तर केक मला हवा.”

डेस आकडे पुकारू लागला. तीस. एकतीस. खांब ढिम्म. पन्नास. हेदरने पिशवीचा बंद बोटाभोवती आवळला. अठ्ठ्याण्णवला ठण्ण आवाज झाला. खांब त्याला मधोमध धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या वर डावीकडे, खाली उजवीकडे झुकला. चुन्याचे पापुद्रे जमिनीवर पडले.

लोसा जिंकली होती, पण ती कुणाकडे बघत नव्हती.

“बाबा इतके चुकले?”

“मधल्या पट्टीचा आधार त्यांनी धरलाच नाही.”

“पहिल्या वर्षाची पोरंही धरतात,” डेस पुटपुटला.

“लिहिलं कधी त्यांनी?”

“मार्चमध्ये.”

“मग तेव्हाच का नाही केली चाचणी? दर रविवारी फोनवर कुरकुरायचे, यंत्राचा पंप बिघडलाय, लोसा दुरुस्तच करून घेत नाही म्हणून.”

“पंपाला काय धाड भरलीय?” डेस म्हणाला, आणि लोसाकडे नजर जाताच यंत्राकडे वळला.

लोसा खाली मान घालून चुना झाडत होती. चांगला पंप बिघडलाय म्हणत तिने बाबांची चूक झाकून ठेवली होती. पाच महिने हेदर फोनवर एकच सांगत आली होती : नवा पंप मागवा ना, बाबा.

तिने पिशवी खाली ठेवली आणि लोसाच्या हातातला झाडू धरला.

“दे इकडे,” ती म्हणाली. “एवढं तरी मला करू दे.”