उजवीकडची समई

माझ्या बायकोला, सगुणाला, ‘का’ विचारायची खोड आहे. म्हैस पाणी पिताना कान का हलवते, भाकरी एकाच बाजूनं का फुगते, शाळेतले मास्तर चालताना मान तिरकी का धरतात, काहीही. लग्नाला आठ वर्षं झाली तरी तिची खोड गेली नाही आणि मला तिची सवय झाली नाही. मी भैरू गुरव. मुठा खोऱ्यातल्या आमच्या लहानशा गावात भैरोबाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात आहे. देवाला ‘का’ विचारायचं नसतं, फक्त हो की नाही एवढंच विचारायचं असतं, असं मी तिला पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

हो-नाही विचारायची आमची रीत अशी. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या आणि देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. मग पाटलांनी प्रश्न विचारायचा, तो त्यांचा मान. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. हा आमचा कौल. हरवलेला बैल, विहिरीची जागा, भावाभावांचा बांध, सगळं त्या दोन पाकळ्यांवर ठरायचं. आमच्या गावाला कोर्टाची पायरी माहीत नाही, असं लोक पौडच्या बाजारात छाती फुगवून सांगत. मीही सांगत असे. पाकळ्या लावणारा हात माझाच होता ना!

अठ्ठावन्न सालच्या मार्गशीर्षात हैबतराव पाटलांची उडवी जळाली. उडवी म्हणजे मळणीसाठी खळ्यावर रचून ठेवलेली भाताची मोठी रास. बुधवारी भर दुपारी धूर दिसला. आम्ही घागरी घेऊन धावलो, पण वाळलेलं भात ते, आम्ही पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलं होतं. हैबतराव खळ्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे होते. राख विझायच्या आधीच ते म्हणाले, “ह्ये बिरूचं काम हाय.”

बिरू धनगर वरच्या माळावर राहायचा. त्याच्या आज्यानं तिथं काटेरी कुंपणाचं वाडगं घातलं तेव्हापासून त्यांची मेंढरं तिथंच. बायको सुंदरा, दोन लहान पोरी, पन्नासेक मेंढरं आणि एक कुत्रा, एवढा त्याचा पसारा. हैबतरावांना तो माळ हवा होता. कलमी आंबे लावायचे त्यांच्या मनात होतं आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. बिरू हलायला तयार नव्हता.

“मी डोंगराच्या पल्याड व्हतो, पाटील,” बिरू म्हणाला. “मेंढरांमागं.”

“साक्षीला कोन हाय?”

“मेंढरंच की.”

कुणीतरी हसलं. बिरूही जरा हसला, आणि ते त्याला महागात पडलं. हैबतरावांनी सांगून टाकलं की रविवारी, देवाच्या वारी, कौल लावायचा. देव हो म्हणाला तर बिरूनं सोमवारी माळ सोडायचा आणि गावच्या झऱ्यावर पुन्हा पाणी भरायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

गुरुवारी मी झेंडू खुडत होतो. सगुणा देवाची भांडी घासत होती. घासता घासता थांबली आणि म्हणाली, “अवं, आपला देव कधी न्हाई म्हनलाय का?”

“म्हंजी?”

“म्हंजी डावी पाकळी कधी पडली का?”

“पडली असंल की,” मी म्हणालो.

“कवा?”

मी खुडायचा थांबलो. वडील गेल्यापासून बारा वर्षं कौल लावतोय. आठवायला लागलो. बैलाचा कौल, उजवा. विहिरीचा, उजवा. कुशाबाच्या बांधाचा, उजवा. धोंडाबाईचा... तिथं मी पटकन पुढं सरकलो. सगळे उजवेच. मला राग आला. “देव पाटलांना हो म्हनतो, कारन पाटील खरं इचारत्यात,” असं मी म्हणालो. सगुणा पुन्हा भांडी घासायला लागली. ती गप्प बसली की मला जास्त भीती वाटते.

आणि मग मला एक आठवलंच. “एकदा पडली व्हती डावी. मागं एका जत्रंला. पाटलांच्या मेव्हन्याला मानाचा नारळ द्यायचा का, त्याला देव न्हाई म्हनला. पाटील लई चिडले व्हते.”

“त्या दिशी काय येगळं व्हतं?”

“काय असनार? वारं सुटलं व्हतं. समई सारखी इझत व्हती. शेवटी तशीच ठिवली म्या.”

सगुणानं हातातला तांब्या खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखतो. तिला पाहिलं की कुणालाही वाटेल, हिला वाटेत सोन्याची मोहोर सापडली. ती आत गेली आणि पाटा घेऊन आली, तो तिनं भिंतीला उभा टेकवला. शेजारी उजव्या अंगाला घरातली समई पेटवून ठेवली. दोन पाकळ्या भिजवल्या, पाट्यावर डावी-उजवी लावल्या, आणि मांडी घालून समोर बसली. मी हसलो. म्हटलं, आता पाट्याला काय विचारतेस? ती म्हणाली, “इचारत न्हाई. बगतीया.”

उजवी पडली. तिनं पुन्हा लावल्या. उजवी पडली. पाचव्यांदा मीही तिच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो. सातही वेळा उजवी पडली. मग तिनं समई उचलून डाव्या बाजूला ठेवली आणि डावी पडली. समईच्या धगीनं त्या बाजूचं पाणी आधी सुकायचं आणि सुकली की पाकळी गळायची. इतकंच होतं. आमच्या देवळात समईचा दगडी ओटा देवाच्या उजव्या हाताला आहे, कुणा पूर्वजानं सोय म्हणून बांधलेला. म्हणजे आमचा देव कुणालाही, काहीही विचारा, हो म्हणत होता. आणि विचारायचा मान एकट्या पाटलांचा.

पहिला विचार धोंडाबाईचा आला. धोंडाबाई आमच्याच गल्लीतली विधवा, मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली. सहा वर्षांपूर्वी गावात गुरं मरायला लागली तेव्हा पाटलांनी देवाला विचारलं होतं, हिची नजर लागली का? उजवी पाकळी पडली. ती त्याच दिवशी गाठोडं घेऊन कासार आंबोलीला भावाकडं निघून गेली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं होतं आणि मी देवाकडं पाहिलं होतं.

“सांगा आता गावाला,” सगुणा म्हणाली.

“वेड लागलंय का तुला? पाटील हुबं ऱ्हाऊ देतील का? सुगीला पूजेचं म्हनून घरटी भात येतं ते बंद झालं तर खायचं काय? त्यापरीस मी एक करतो. रविवारी समई डाव्या अंगाला ठिवतो. देव न्हाई म्हनंल, बिरू सुटंल, कुनाला काय कळायचं न्हाई.” माझी मलाच कमाल वाटली.

सगुणानं माझ्याकडं नीट पाहिलं. “म्हंजी आता पाटलांच्या जागी तुमी ठरवनार.”

हे मला फार लागलं. पण मी ठरवलं ते ठरवलं. भित्रा माणूस एकदा पळवाट सापडली की हटत नाही.

रविवारी देऊळ गच्च भरलं. पुरुष सभामंडपात, बायका दाराशी. बिरू हात जोडून एका खांबाला टेकला होता. सुंदराच्या कडेवर धाकटी पोर होती. मी समई गाभाऱ्यात डाव्या कोपऱ्यात ठेवली होती आणि फार कामात असल्यासारखा फुलं सारखी करत होतो.

हैबतराव पुढं आले, नमस्कार केला आणि थांबले. “भैरू, समई तिकडं का?”

“सहज, पाटील. हितं वारं...”

“जाग्यावर ठिव.”

मी समई उचलली. थोडं तेल सांडलं. ती उजवीकडच्या ओट्यावर ठेवली आणि माझी पळवाट बंद झाली. पाटलांना गुपित माहीत होतं, की नुसती मोडलेली रीत त्यांना खपली नाही, हे मला तेव्हा कळेना. मी पाकळ्या लावल्या.

“देवा भैरोबा,” हैबतराव मोठ्यानं म्हणाले, “माझी उडवी बिरू धनगरानं जाळली, ह्ये खरं का?”

गावानं श्वास धरला. मी धरला नाही, मला काय पडणार ते माहीत होतं. उजवी पाकळी सुटली, देवाच्या हातावरून घसरली आणि पायाशी पडली. सुंदरा एवढंच म्हणाली, “अगं आई.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा तो हळू आवाज मला सोसला नाही.

“झालं,” हैबतराव वळले. “बिरू, उद्या...”

“अजून एक इचारायचं हाय,” कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता.

“कुनाला?”

“मला.” मी झेंडूचं एक फूल उचललं. “देवाला मला इचारायचंय.”

“गुरवानं कधीपासनं इचारायचं?”

“आजपासनं,” मी म्हणालो, आणि ते कसं म्हणालो ते मला आजही ठाऊक नाही. मी दाराकडं पाहिलं. सगुणानं नुसती मान हलवली. मी नव्या पाकळ्या भिजवल्या, लावल्या आणि मोठ्यानं विचारलं, “देवा, बिरूनं आग लावली न्हाई, ह्ये खरं का?”

उजवी पडली.

“आता?” कुशाबा म्हातारा पुढं सरकत म्हणाला. “दोन्ही खरं कसं?”

“तुमचा बांध आठवतो का, कुशाबा? तुमच्या थोरल्या भावाचा हाय का, असं इचारलं व्हतं. देव हो म्हनला. तुमचा हाय का, असं कुनी इचारलंच न्हाई. देव समद्यालाच हो म्हनतो, कारन...” वाक्य मी तिथंच सोडलं. मग मी तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. खरं सांगतो, जे विचारणार होतो त्यावर माझा काडीइतकाही विश्वास नव्हता. पण दाखवून द्यायला दुसरा उपाय मला सुचला नाही. “देवा, ही उडवी हैबतराव पाटलांनी सोताच जाळली, ह्ये खरं का?”

सगळ्यांचे डोळे उजव्या पाकळीवर. तिची कड सुकून वळायला लागली होती. हैबतराव दोन ढांगांत गाभाऱ्यात शिरले आणि त्यांनी समईवर फुंकर मारली.

एक ज्योत विझली. त्यांनी दुसरी विझवली, तिसरी, चौथी, पाचवी. धूर माझ्या नाकात गेला. दोन्ही पाकळ्या देवाच्या खांद्यांवर जागच्या जागी राहिल्या. हैबतराव वळले आणि त्यांच्या लक्षात आलं की सगळं गाव त्यांच्याकडं पाहतंय.

कुशाबानं अगदी साधेपणानं विचारलं, लहान मूल विचारतं तसं. “पाटील, समई का इझिवली?”

मागून आणखी कुणी तेच विचारलं, मग दाराशी उभ्या बायकांतून एकीनं. हैबतराव गर्दीतून वाट काढत निघून गेले. मग मी सगळं सांगितलं: ओटा, धग, पाटा, सात वेळा. निम्म्यांना पटलं, निम्मे मला धर्मबुडव्या म्हणाले. पण बिरूला माळ सोड म्हणायला कुणी पुढं आलं नाही. उडवी कशानं पेटली ते आजवर कळलेलं नाही. कुणाची तरी चिलीम असेल.

सोमवारी मी कासार आंबोलीला चालत गेलो. धोंडाबाई भावाच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. पार वाळली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि पायावर डोकं ठेवलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“समद्यांम्होरं बोल्लास?”

“व्हय, मावशी. बिरूचं बोल्लो.”

“आन्‌ माझं?”

मी सुपातल्या तांदळाकडं पाहिलं.

“मग माझं बी बोल,” ती म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

परतीच्या वाटेवर मला कळलं की हे जास्त अवघड आहे. बिरूच्या वेळी बोट दाखवायला पाटील होते. धोंडाबाईच्या वेळी प्रश्न जरी पाटलांचा असला, तरी ती जाताना मान फिरवणारा मी होतो. सगुणाला म्हटलं, कसं सांगू? तिनं पहिल्यांदाच ‘का’ विचारलं नाही. पुढच्या रविवारी मी देवळाच्या पायरीवर उभा राहिलो, लोक जमेपर्यंत थांबलो आणि सुरुवात माझ्या नावापासून केली.