बॉलकडे न बघणारा माणूस

उत्तरेश्वर सरांना या फायनलमधून मिळण्यासारखं होतं ते एकच: पुढच्या वर्षीची निरीक्षकाची खुर्ची. खुर्ची प्लॅस्टिकचीच, पण मैदानाच्या बरोबर मध्यावर, आणि तिच्यावर बसलं की लीगची पोरं वाकून "सर, चहा?" विचारतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कोथरूडच्या सोसायटीत सरांना विचारलं जाई ते फक्त टँकर कधी येणार एवढंच. आता खुर्च्यांवर कोणाला बसवायचं हे ठरवणार होते विश्वजीतराव. या फायनलमध्ये ते मुख्य रेफरी होते आणि फायनलनंतर शिट्टी खाली ठेवून रेफरी समितीचे प्रमुख व्हायचे होते. म्हणजे ज्यांना सर आज मार्क देणार, ते उद्या सरांना मार्क देणार. पुण्यात याला गैर म्हणत नाहीत, ओळख म्हणतात.

सरांचं काम रेफरींना जोखायचं. व्यावसायिक बास्केटबॉलच्या सामन्याला तीन रेफरी असतात आणि प्रत्येकाला मैदानाचा आपापला तुकडा. दुसऱ्याच्या तुकड्यात शिट्टी वाजवलीच, तर घडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं हवं. अंदाजानं वाजवलेली शिट्टी बरोबर निघाली तरी मार्क जातात. आणि हे जोखणाऱ्याचा पहिला धडा असा, की त्यानं बॉलकडे बघायचं नाही. बॉल सगळेच बघतात. त्यानं रेफरीकडे बघायचं. नव्या निरीक्षकांना हा धडा सरच शिकवत, आणि शिकवताना आवाज खाली आणत, जणू कानात मंत्र सांगताहेत.

तिघांतली तनुजा विश्रांतवाडीची. तिची ही पहिलीच मोठी फायनल. मार्क चांगले पडले तर आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी तिचं नाव जाणार होतं. पस्तिशीनंतर नाव घेत नाहीत, आणि तिची पस्तिशी दिवाळीत होती. तेव्हा जायचं तर यंदाच.

सामन्याच्या शेवटच्या क्षणांत, घरच्याच मैदानावर, पुणे एका गुणानं पुढे होतं. कोचीचा एक खेळाडू बास्केटकडे उडाला, पुण्याच्या उंच गड्यानं त्याच्या हातावर फटका मारला, तो आडवा झाला. ती जागा विश्वजीतरावांची. शिट्टी मात्र लांबून आली, तनुजाची. कोचीनं दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि कप नेला.

"मॅडमना कोचीची जर्सी तेवढी द्यायची राहिली," मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले. रागानं नव्हे, नोंद असावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेडियममागच्या खोलीत क्लिपा बघायला बसायचं, अशी पद्धत. तिसरा रेफरी पहाटेच्या विमानानं गेला होता. त्याच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. उपमा आला, चहा आला, सरांनी शेवटची क्लिप लावली. पडद्यावर हातावर हात पडला. कोणालाही कळेल असा फाउल.

"निर्णय बरोबर," सर म्हणाले. "प्रश्न जागेचा आहे. तनुजा, तिथून तुला फटका लागलेला दिसला?"

तनुजा ताटलीकडे बघत होती. कालपासून तिला काहीच वाटत नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय आपलाच आहे एवढं माहीत असतं, तेवढंच तिला स्वतःबद्दल माहीत होतं.

"नाही सर. मधे दोन खेळाडू होते."

"मग वाजवलीस कशी?"

"विश्वजीत सरांचा हात निघाला होता. मूठ वळलेली, फाउलसाठी वळतो तशी. छातीपर्यंत आला, त्यांनी प्रेक्षकांकडे बघितलं आणि हात खाली गेला. त्यांना दिसलं होतं. म्हणून मी वाजवली."

विश्वजीतराव चहात बिस्किट बुडवत होते. "घाम पुसत होतो गं. तिथला एसी नावालाच आहे."

"मुठीनं?" तनुजानं विचारलं.

"माझी पद्धत आहे ती."

क्लिपमध्ये विश्वजीतराव कुठंच नव्हते. कॅमेराही बॉलमागेच पळतो, त्याला कोणी धडा दिलेला नसतो.

"सर, तुम्ही समोरच होतात," तनुजा म्हणाली. "तुम्ही तर आमच्याकडेच बघता."

सरांनी बघितलं होतं. मूठ, छाती, प्रेक्षकांकडे वळलेली मान, सगळं. भरलेल्या स्टेडियममध्ये तनुजाखेरीज ते पाहिलेला हा एकटाच माणूस. त्यांनी हो म्हटलं, तर तनुजाची शिट्टी अंदाजाची उरत नव्हती, चूक विश्वजीतरावांची ठरत होती. त्यांनी रिमोटचं झाकण काढलं, आतला सेल दाबला, झाकण परत लावलं.

"खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "त्या वेळी मी बॉलकडे बघत होतो."

निरीक्षकानं असं म्हणणं म्हणजे कॅशिअरनं नोटा न मोजताच गल्ल्यात टाकल्या म्हणण्यासारखं. विश्वजीतरावांनीही मान वर केली. एवढं तर त्यांनीही मागितलं नव्हतं.

"फायनल होती," सर पुटपुटले. "जातं लक्ष."

"हो," तनुजा म्हणाली. "मॅच चांगली झाली." मग चमचा ताटलीत ठेवून, "अंदाज म्हणून लिहा सर."

"तसं नको. दुसऱ्याच्या जागेत शिट्टी, एवढंच लिहितो."

"त्यानं मार्क वाचतात?"

"नाही."

"मग अंदाजच लिहा."

तिनं ताटली उचलून खिडकीत ठेवली, शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली आणि गेली. दाराचा आवाजसुद्धा झाला नाही.

"पोरगी चांगली आहे," विश्वजीतराव म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू तिचं."

"पुढचं वर्ष नाही तिला. वय."

"अरेरे," विश्वजीतराव म्हणाले आणि उरलेला चहा दोन्ही कपांत सारखा ओतला.

हिशेब पुढं असा लागला. पुण्याचा कप गेला, पण तो जायलाच हवा होता, त्याला खर्च म्हणता येत नाही. विश्वजीतराव समितीवर बसले आणि पहिल्याच बैठकीत म्हणाले, की ऐन वेळी बॉलकडे बघणारा निरीक्षक लीगला परवडणार नाही, तसं उत्तरेश्वर सरांनी स्वतः माझ्यासमोर कबूल केलंय. सर यादीतून गेले. म्हणजे थोडं त्यांनीही भरलं, पण ते आपल्या हातानं. तनुजा आता शनिवार-रविवारी शाळांच्या स्पर्धांमध्ये शिट्टी वाजवते. तो फाउल होता, याबद्दल आजही कोणाचं दुमत नाही. बाकी सगळं तिनं भरलं.