न फाडलेलं खोकं

पितांबर मिस्त्रीने जीपच्या ऑइल फिल्टरचा डबा करवतीने कापला आणि मान हलवली. बाहेरून नवाकोरा निळा रंग, आत मात्र जुना, झिजून काळा पडलेला कागद. डिझेलने धुऊन परत भरलेला.

"झुलालभाऊ, कागदना तुकडा तेलनी वाटमा अडकना. इंजिन जाम व्हई गयं. कोठे लिधा हाऊ?"

"भिकनना दुकानमा. नवा शे तो!"

झुलालची जीप धुळे-साक्री धावायची. पंधरा वर्षं दुसऱ्याची गाडी हाकून त्याने ही घेतली होती. तेल-फिल्टर वेळेवर बदलण्यात स्टँडवर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

बनावट माल भरणारे रिकामी खोकी गोळा करतात, म्हणून फिल्टर बसवला की खोकं फाडायचं, हा स्टँडचा रिवाज. तो झुलालनेच सगळ्यांना लावला होता. फक्त भिकनच्या दुकानात तो खोकं फाडत नसे. एका गावचे, लहानपणापासूनचे मित्र. फिल्टर दुकानासमोरच बसवायचा, खोक्याच्या झाकणाच्या आत सवयीने किलोमीटरचा आकडा लिहायचा आणि ते तिथेच ठेवायचं. "ऱ्हाऊ दे, खिळा ठेवाले व्हई," भिकन म्हणायचा.

या खेपेचं खोकं घाईत, आकडा न लिहिताच, सीटखाली राहिलं होतं. झुलालने ते काढलं. झाकणाच्या आत पेनाने लिहिलेला आकडा होता, गेल्या वर्षीचा. अक्षर त्याचंच.

तो खोकं घेऊन तडक दुकानात गेला. भिकनने ते पाहिलं आणि नाकारलंसुद्धा नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"मालेच काबरं, भिकन?"

"बाकीना बठ्ठा खोकं उघडीसन दखतस," भिकन खाली बघत म्हणाला. "तू कधी दखं नही."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते झुलालला त्या दुपारी कळलं. इंजिन उतरवून नीट करता येतं. या माणसाचं काय करायचं?

स्टँडवरचे निम्मे ड्रायव्हर झुलालच्या शब्दावर इथे येत. तेवढ्यात त्यांच्यातलाच वना पायरी चढून आला.

"भिकननाना, एक फिल्टर द्या. झुलालनानानी धाडं शे." मग झुलालला बघून तो हसला. "आठेच शेतस का तुमी!"

भिकनचा हात फळीकडे गेला आणि थांबला.

"मी नही धाडं तुले," झुलाल म्हणाला आणि वनाचा दंड धरून त्याला पायरीवरून खाली घेऊन गेला.