भिंती वाळेपर्यंत

घर राहायला मिळतंय म्हणून मला आनंदच झाला होता, हे आधी कबूल करते. माझा नवरा आन्सेल्म एका नावाजलेल्या वास्तुकाराच्या कचेरीत नकाशे काढायचा. शोसे-दांतँच्या नव्या रस्त्यावर मादाम द सेर्निए यांच्यासाठी कोठी उभी राहिली, तिचा गोल दिवाणखाना, ग्रीक धाटणीचे खांब, घुमटातून खाली उतरणारा उजेड, हे सगळं त्याच्या हातचं. नाव अर्थात साहेबांचं. बाईसाहेब हिवाळ्यानंतर येणार होत्या. तोवर आम्ही तिथं राहावं, असं साहेबांनी आपण होऊन सुचवलं. लाकूडफाटा त्यांचा. आमच्या जुन्या खोलीचा जिना इतका अंधारा होता, की आग्लाएला कडेवर घेऊन उतरताना मी पायानं एकेक पायरी चाचपायची. आग्लाए, आमची मुलगी, तेव्हा सात महिन्यांची.

अट एकच होती. शेकोट्या विझू द्यायच्या नाहीत आणि निजायचं ते गोल दिवाणखान्यातच, मागच्या नोकरांच्या खोल्यांत नाही. मला ते विचित्र वाटलं, पण मी विचारलं नाही. मठातल्या शाळेत नन मला दुर्बीण म्हणायच्या, कारण माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही. फुकटच्या घरापुढे दुर्बिणीचीही काच धुरकटते.

आम्ही गेलो ते ऑक्टोबरात. सगळं शहर माना वर करून गरम हवेनं वर चढणारे मोठाले कागदी फुगे कधी उडतात ते बघत होतं आणि मी भिंती बघत होते. सकाळी त्यांना घाम फुटायचा. पाव दुसऱ्या दिवशी हिरवा पडायचा. पलंगाखाली ठेवलेले आन्सेल्मचे बूट आठवड्यात बुरसले. तिसऱ्या आठवड्यात आग्लाए खोकायला लागली. आधी कोरडा खोकला, मग ओलं फडकं टरकावल्यासारखा. मी तिच्या छातीला कान लावून बसायची आणि मोजायची: किती श्वासांनंतर खोकला, किती खोकल्यांनंतर रडं.

दर सोमवारी लेओनार यायचा. हा लिमूझँकडचा म्हातारा गिलावेवाला. या कोठीतला सगळा गिलावा त्याचाच. तो भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभा राहायचा. एका सोमवारी मी त्याला विचारलं, कशी आहे?

"गेल्या वेळेपेक्षा बरी, बाई. तुम्ही तिघं झकास काम करताय."

"कसलं काम?"

तो हसला, आणि माझ्याकडे बघून थांबला. मग टोपी हातात घेऊन त्यानं सांगितलं. ओला गिलावा श्रीमंतांना सोसत नाही. म्हणून नव्या घरात पहिला हिवाळा कोणालातरी ठेवायचं. विस्तव ओल ओढून घेतो, आणि माणसाचा श्वासही ती ओढून घेतो. एरवी रस्त्यावरच्या बायका ठेवतात. त्यांना छप्पर मिळतं, भिंत वाळते. कोणाचे हात लुळे पडतात, कोणाची छाती जाते. पण आपल्या दिवाणखान्यात तसल्या बायका निजलेल्या सेर्निए बाईसाहेबांना चालणार नव्हत्या. म्हणून घरंदाज कुटुंब शोधलं.

त्या दिवशी जेवताना मी आन्सेल्मला तेच विचारलं. पावावरची त्याची सुरी थांबली. तेवढ्यावरून मला कळलं, की त्याला ठाऊक होतं. मग तो भराभर बोलू लागला. एका हिवाळ्याचाच तर प्रश्न. कोठीचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापणार आहेत, त्याखाली या खेपेला त्याचंही नाव घालायचं साहेबांनी कबूल केलंय. पोरं काय, खोकतातच. मी म्हटलं, मी हिला घेऊन जाते. कुठे, असं त्यानं विचारलं. टोचून नव्हे, खरंच विचारलं. वडील गेल्यापासून मला जायला दार नव्हतं.

डिसेंबरच्या अखेरीस निरोप आला. बाईसाहेबांनी कुठंसं वाचलं होतं, की ओल्या भिंती मुलांना बाधतात. त्यांचा मुलगा दोन वर्षांचा, नाव ऑरेलियँ, आणि तो नाजूक. तेव्हा त्या स्वतः येऊन आमची मुलगी बघणार होत्या. ती ठणठणीत असेल तर भिंती वाळल्या, आम्ही मोकळे. खोकत असेल तर आम्ही उन्हाळ्यापर्यंत तिथंच.

म्हणजे खरं दाखवलं तर माझी मुलगी आत. खोटं दाखवलं तर बाईसाहेबांचा मुलगा आत. मी फार वेळ विचार केला, असं लिहायला मला आवडलं असतं.

औषधवाल्याकडून खसखशीच्या बोंडांचं सरबत आणलं. बाईसाहेब यायच्या दिवशी सकाळी आग्लाएला दोन चमचे पाजलं. ती निजल्यावर तिचे गाल चिमटीत धरून धरून लाल केले. ती झोपेत कण्हली, पण जागी झाली नाही.

बाईसाहेब आल्या त्या खेडवळ दिसावा म्हणून मुद्दाम शिवलेला, बराच महाग झगा घालून. नव्या विचारांच्या होत्या. दाई न ठेवता मुलाला स्वतः अंगावर पाजलं, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. आग्लाएवर वाकून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, निसर्ग कसा सरळ उत्तर देतो बघा. साहेब हसले, आन्सेल्म हसला. मी मोजत होते, एका श्वासामागून एक. खोकला आला नाही.

फेब्रुवारीत आम्ही एका माळ्यावरच्या खोलीत गेलो. वारा फटींतून शिट्ट्या मारायचा, पण कोरडा होता. मार्चच्या शेवटी आग्लाएचा खोकला थांबला. सबंध रात्र ती शांत निजली आणि सबंध रात्र मी जागी राहिले, कारण ऐकू काहीच येत नव्हतं.

एप्रिलच्या मध्याला आन्सेल्मनं टेबलावर एक किल्ली ठेवली. त्याच रस्त्यावर साहेबांची दुसरी कोठी तयार झाली होती. मालकीणबाई सेर्निए बाईसाहेबांची मैत्रीण. तिनं तीच लाल गालांची, पायगुणाची मुलगी मागितली होती.

मी म्हटलं, नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग का नाही, ते तूच सांग त्यांना."

कारण एकच होतं, आणि ते सांगितलं की त्याची नोकरी जाणार. हे त्याला माहीत होतं. म्हणून तो इतका शांत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच सेर्निएंच्या कोठीवर गेले. जिन्यावरच ऐकू आलं. ओलं फडकं टरकावल्यासारखं. ऑरेलियँ दिवाणखान्यात उशांना टेकून बसला होता, ओठांभोवती निळसर. बाईसाहेबांनी मला ओळखलं आणि त्यांना बरंच वाटलं. डॉक्टर म्हणतात दाढा येताहेत, त्या म्हणाल्या. भिंतींचं तर काही नाही, तुझी मुलगी इथंच गुलाबासारखी निजली होती.

"ती निजली नव्हती, बाईसाहेब. मी तिला निजवलं होतं."

मग सगळं सांगितलं. सरबत, चिमटे, सगळं. त्या ओरडल्या नाहीत. मुलाच्या पाठीवरचा हात तेवढा थांबला.

"त्या दिवशी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही आम्हाला उन्हाळ्यापर्यंत ठेवलं असतं."

घंटा वाजवून त्यांनी गाडी जोडायला सांगितली. दुपारच्या आत मुलगा खेड्यातल्या वाड्याकडे निघाला. संध्याकाळपर्यंत कचेरीत आन्सेल्मच्या जागी दुसरा बसला होता. ते चित्र छापलं गेलं तेव्हा खाली साहेबांचं एकट्याचं नाव होतं. आन्सेल्म आता दुकानांच्या पाट्या रंगवतो. माझ्याशी बोलतो, पण जेवढ्यास तेवढं.

मेच्या अखेरीस त्या रस्त्यानं जायची वेळ आली. ऊन चांगलं तापलं होतं आणि सेर्निएंच्या कोठीच्या सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता. लेओनार दारात उभा होता. मी विचारलं, बाईसाहेब परत आल्या का? नाही, पुढच्या वर्षी येतील, तो म्हणाला. आत एक धोबीण ठेवलीय, विधवा आहे.

"या खेपेला दोन लेकरं आहेत, बाई. ऑगस्टपर्यंत वाळेल."

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. दिवाणखान्याची खिडकी उघडी होती आणि आत ती बाई काहीतरी गुणगुणत होती. आवाजावरून वाटत होतं, खुशीत आहे. मी आत जाऊन तिला काही सांगितलं नाही. तिला लाकूडफाटा फुकट मिळत होता.