सत्तावन्नची पाहणी

"जाग्यावर न्हाय ओ सर!" ग्रंथालयातला शिपाई आकाराम कपाटाआडून ओरडला. 'शांतता राखा' ही पाटी त्याच्याच डोक्यावर टांगलेली होती, पण कोल्हापुरी गळ्याला पाट्या कुठे वाचता येतात?

कुरणे सरांनी वहीतून मान वर काढली नाही. "काय जाग्यावर न्हाई?"

"सत्तावन्नची पाहणी ओ, गुऱ्हाळांची! तुमीच दर शनवारी घेऊन बसताय की. ह्या ताई मागत्यात."

ताई म्हणजे संघप्रिया. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ती उभी होती, खांद्याला पिशवी, हातात मागणीची चिठ्ठी. "सर, तुमच्याकडं तर न्हाई ना?" तिनं विचारलं. विचारण्यात संशय नव्हता, आणि तेच सरांना जास्त टोचलं.

"माझ्याकडं? न्हाई बा," सर म्हणाले. "असेल इथंच कुठं. आकाराम, नीट बघ की रे."

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. ती पाहणी तासाभरापूर्वी सरांनी स्वतःच्या हातानं बँकांच्या अहवालांच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, मागच्या रांगेत सारून ठेवली होती. हात धुवायला जातो म्हणून उठले होते आणि ठेवून आल्यावर खरंच हात धुऊन आले.

हे ग्रंथालय राजारामपुरीत, खाली दातांचा दवाखाना, शेजारी बारावीचे क्लास, आणि दुसऱ्या मजल्यावर हे. कथा-कादंबरी औषधाला नाही. फक्त अर्थशास्त्र! ऊस, सहकार, बाजार समित्या, बँका, जुने तपासणी अहवाल. इथला नियम असा की पुस्तक घरी न्यायचं नाही आणि वाचून झालं की परत कपाटातही ठेवायचं नाही. टेबलावर सोडायचं, आकाराम ते जागच्या जागी लावणार. कारण चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक. नऊ हजारांत शोधणार कोण? कुरणे सर चौदा वर्षं इथे येत होते, त्यांना हे आकारामइतकंच ठाऊक होतं.

चौदा वर्षं! शाळा नव्हे, संसार नव्हे, एक प्रबंध चालू होता चौदा वर्षं. विषय, गुऱ्हाळावरच्या मजुरांची मजुरी. सरांचे वडील उचगावच्या गुऱ्हाळावर चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, जाळ घालायचे, म्हणून विषय निवडला तेव्हा ऊर अभिमानानं भरून आला होता. मग कॉलेजातले तास, परीक्षांची कामं, बदली, पोरांची आजारपणं, आणि चौथं प्रकरण. चौथ्या प्रकरणापाशी गाडी जी अडली ती अडलीच. दोनदा नोंदणी संपली, दोनदा वाढवून घेतली. येत्या डिसेंबरला तिसऱ्यांदा संपणार होती आणि आता वाढवून मिळणार नाही असं विद्यापीठानं पत्रानं कळवलं होतं. स्टाफरूममध्ये सहकारी विचारायचे, "काय कुरणे, डॉक्टर कधी व्हायचं?" सर हसायचे. हसून हसून जबडा दुखायचा.

आणि ही संघप्रिया! त्यांचीच विद्यार्थिनी, त्यांच्याच गावाकडची, त्यांच्याच समाजातली. बी.ए.ला पहिल्या बाकावर बसायची. तिला या ग्रंथालयात आणलं कुणी? सरांनी. ओळखीचं पत्र दिलं कुणी? सरांनी. "आपल्यातली पोरगी शिकली पायजे," असं ग्रंथपालांना छाती फुगवून सांगितलं कुणी? सरांनीच. त्या दिवशी ते खरं होतं, अगदी मनापासून होतं. पण पोरीनं दीड वर्षात तीन प्रकरणं लिहिली आणि विषय घेतला गुऱ्हाळांचाच. दोघांचे गाईड एकच. गेल्या महिन्यात गाईडनी तिच्यादेखतच म्हटलं, "कुरणे, या पोरीकडनं शिका जरा."

झालं. सर घरी आले, जेवले नाहीत. ही माझ्याआधी डॉक्टर होणार, या एका विचारानं त्यांना रात्री डोळा लागेना. तिच्या यशाचा आनंद व्हायला पाहिजे हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग काय? हेवा काय विचारून येतो? शिवाय स्वतःच्या लेकीच्या वयाच्या पोरीचा हेवा, त्याची लाज निराळीच.

सत्तावन्न सालची ती पाहणी म्हणजे टाईप केलेली दोनशे पानं, जिल्ह्यात एकच प्रत. कोणत्या गावात किती गुऱ्हाळं, कुणाला काय मजुरी, सगळं त्यात. दोघांनाही तीच हवी होती. "आठवडाभरच ठेवतो," सरांनी स्वतःला सांगितलं. "माझं चौथं प्रकरण उरकलं की काढून देईन." बिचारे खरंच तसं मानत होते.

आकारामनं दुपारपर्यंत चार कपाटं उपसली. संघप्रियाही त्याच्याबरोबर गुडघ्यावर बसून फळ्या तपासत होती. सर तिच्या धुळीनं माखलेल्या कोपरांकडे बघत होते. एकदा तर बँकांच्या कपाटापाशी ती येऊन थांबली, सरांनी वहीत डोकं घातलं. पण ती उठली, ओढणीनं तोंड पुसलं.

"जाऊ दे सर," ती म्हणाली. "कागद न्हाई मिळाला तर माणसं मिळतील की. सत्तावन्न साली जी विशीत होती ती आज पासष्टीची असतील. त्यास्नीच जाऊन विचारते."

"म्हातारी माणसं काय सांगणार?" सर म्हणाले. "सकाळचं जेवण आठवत न्हाई त्यास्नी."

"बघूया तर," ती म्हणाली आणि दुसऱ्याच शनिवारी टेपरेकॉर्डर घेऊन हजर झाली.

मग दर शनिवारी हेच. ती बिद्रीकडच्या गावांतून फिरून यायची आणि आपले सर म्हणून सगळं त्यांनाच सांगायची. अमुक गावचा म्हातारा दोन तास बोलला, तमुक गावच्या गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं काहिलीचा, रस आटवायच्या मोठ्या कढईचा, हिशेब तोंडपाठ सांगितला. तिचे डोळे चमकायचे. सर "छान, छान" म्हणायचे आणि आतल्या आत जळफळायचे. पाहणी लपवली ती तिला अडवायला, आणि ही तर सुसाट सुटली! परत काढून ठेवावी असं त्यांच्या मनात दहादा आलं. पण आता ती अचानक उगवली तर आकाराम विचारणार, आली कुठनं? आठवड्याचे चार महिने झाले. चौथं प्रकरण होतं तिथंच होतं, कारण पाहणी काढून वाचायची आता सरांनाही चोरी झाली होती.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी राजारामपुरीत लाईट गेली. जनरेटर बंद, पंखे बंद, ग्रंथपालांनी ग्रंथालय लवकर बंद केलं. सर तीनच्या बसनं उचगावला घरी आले. दारात बायकी चपला होत्या. आत आईचा आवाज येत होता, आणि तो आज निराळाच लागत होता, तरणाबांड.

सरांनी आत पाऊल टाकलं. आई, यल्लव्वा, भिंतीला टेकून बसली होती, समोर चटईवर संघप्रिया, दोघींच्या मध्ये तो टेपरेकॉर्डर.

"सर!" संघप्रिया उठायला लागली. "गल्लीत म्हणाले, चुलवाणावरचं विचारायचं तर यल्लव्वा आजीला विचार. मी म्हटलं, हे तर आपल्या सरांचंच घर!"

"बस ग तू," यल्लव्वा म्हणाली. "आनी तू बी बस रं गणपा. मधी बोलू नगंस, त्यात आवाज जातुया."

सर दारातच बसले. बूटही काढायचे राहिले.

"तर काय म्हनत हुते," यल्लव्वा पुढे बोलू लागली. "ह्येचा बा जाळ घालायचा, आनी चिपाडं ओढून द्याचं काम माजं. तोंड भाजायचं बग. ह्यो वरसाचा हुता, चिपाडाच्या ढिगाकडंला फडक्यात निजवायची."

"आणि तुम्हाला मजुरी किती मिळायची आजी?"

"मला कुठली मजुरी? दोगांची मिळून एक, ती ह्येच्या बाच्या हातात. मला सांजच्याला काहिलीची खरवड."

संघप्रिया लिहिता लिहिता थांबली. "पण सर आम्हाला वर्गात सांगायचे, सत्तावन्नच्या पाहणीत चक्क लिहिलंय, स्त्री मजूर नाहीत म्हणून."

सरांना ते पान डोळ्यांपुढे दिसलं. पान बेचाळीस. चौदा वर्षांत शंभरदा वाचलेलं, तीनदा उतरवून घेतलेलं.

"आलते की ते लिहून घ्याला," यल्लव्वा म्हणाली. "पाटलूनवालं दोगं. पर मालक आदीच म्हनला, बायकांनी ढिगामागं जावा. बायका मोजल्या तर त्यास्नी रोज द्यावा लागंल. मग आमी पाच जनी बसलो ढिगामागं. ह्यो रडाय लागला, तर तोंडावर हात धरला मी ह्येच्या."

संघप्रियानं टेपरेकॉर्डर आजीच्या आणखी जवळ सरकवला.

"आजी, हे सरांना कधी सांगितलं न्हाई तुम्ही?"

"इचारलं कुनी?" यल्लव्वा सहज म्हणाली. तक्रार नव्हती तिची. "शनवार आला की जातो की त्यो गुऱ्हाळाचं वाचाय. मला वाटलं, त्यात असंल समदं."

कुरणे सरांनी बूट काढले. ते काढायला त्यांना बराच वेळ लागला. मग चटईच्या कडेला येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, "संघप्रिया, ती पाहणी बँकांच्या अहवालांच्या कपाटात हाय. खालची फळी, मागची रांग."

तिचा चेहरा उजळला. "सापडली? कुणाला?"

"सापडली न्हाई. मीच ठेवलीया. चार महिन्यांमागं."

ती काहीतरी बोलेल, रागावेल, निदान रडेल, असं सरांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती फक्त त्या यंत्राकडे बघू लागली.

"काय ठेवलंयस रं?" यल्लव्वानं विचारलं.

"सर, टेप चालूच आहे," संघप्रिया अगदी हळू म्हणाली. तिचं बोट बटणापाशी गेलं. "एवढं मागं घेऊन पुसू?"

"नको," सर म्हणाले. "असू दे त्यात." मग ते आईकडे वळले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला काहीतरी विचारायचं होतं. "आये, तोंडावर हात धरलास. मग?"

"मग काय?" यल्लव्वा म्हणाली. "गप बसलास की."