रक्तपेढीचा संगणक अडला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना कन्सोल आहे. एक पडदा आणि एक कळफलक, एवढाच माझा संसार. पलीकडच्या थंड खोलीतल्या अगडबंब मेनफ्रेम संगणकाला माणसांच्या आज्ञा मी पोचवायचो आणि त्याची उत्तरं दाखवायचो. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या, की माझ्या जिवात जीव यायचा.

शहरातल्या रक्तपेढ्यांचा सगळा हिशेब आमच्या संगणकाकडे होता. कोणत्या गटाची पिशवी कुठे आहे, हे तो चुटकीसरशी सांगे. त्याच्यावर लक्ष ठेवणारा एक प्रोग्रॅमही होता. कोणतं काम किती ताकद खातंय, हे तो मोजायचा. पण मोजायलाही थोडी ताकद लागते, म्हणून आमच्या विभागाच्या साहेबांनी तो बंद ठेवला होता. "चाललंय ना सुरळीत? मग कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी माझ्या ओळी रेंगाळल्या आणि मग थांबल्याच. तेवढ्यात रुग्णालयातल्या नर्सबाईंचा फोन आला. आमच्या ऑपरेटर ताईंनी तो उचलला.

"ताई, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. पिशवी कुठे आहे तेच दिसत नाही हो!"

साहेब धावत आले. "बंद करून पुन्हा चालू करा!"

"त्यात फार वेळ जाईल, साहेब. आधी कोण अडवतंय ते बघू द्या."

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "बघा. पण लवकर!"

ताईंनी तो प्रोग्रॅम सुरू करायची आज्ञा दिली. संगणकाने नकार पाठवला आणि तो दाखवायची पाळी माझ्यावर आली. त्या प्रोग्रॅमला आकडे गोळा करून देणारा भागच बंद, झोपलेला होता!

"अगं बाई, आधी त्याला उठवायला हवं," ताई पुटपुटल्या. त्यांनी त्याला उठवलं, मग पहिली आज्ञा पुन्हा दिली. माझा पडदा कोराच. आतल्या आत माझी नुसती तगमग होत होती.

अखेर आकडे उमटले. एक अहवाल तयार करायचं काम त्याच त्या फेऱ्यात गरगर फिरत सगळी ताकद गिळत बसलं होतं.

"हा तर मीच मागवलेला अहवाल," साहेब म्हणाले. "काढा त्याला, ताई!"

ताईंनी तेवढंच काम थांबवलं आणि माझ्या ओळी भराभर धावू लागल्या. पिशवी सापडली. संध्याकाळी नर्सबाईंचा पुन्हा फोन आला, "बाई वाचली!" "आता तो प्रोग्रॅम चालूच राहू द्या, ताई," साहेब म्हणाले. त्या दिवसापासून तो कधी बंद झाला नाही.

आता नवे पडदे आले आहेत आणि मी कोपऱ्यात पडून आहे. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, मित्रांनो. पण ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला आहे, त्याची विचारपूस तो नीट चालत असतानाच करा. अडल्यावर विचारणारे पुष्कळ असतात.