न जळणारी चरबी

बीजाणूंच्या पाण्यात ब्रश बुडवून तिने घेवड्याच्या पानावरून पहिला हात फिरवला, तेवढ्यात काचेच्या दाराबाहेर धाकटा भाऊ दिसला. इतक्या वर्षांत तो प्रयोगशाळेकडे कधी फिरकला नव्हता. फर्निचरला पॉलिश करणारा माणूस तो. बहिणीचं काम म्हणजे त्याच्या लेखी थट्टेचा विषय. पाहुण्यांना तिची ओळख तो 'आमची बुरशीताई' अशी करून द्यायचा आणि वर म्हणायचा, लोक बुरशी पुसतात, ही पोसते.

ती हातमोजे काढून बाहेर आली. तो स्टुलाच्या कडेवर टेकला होता. काही न विचारता त्याने एका एन्झाइमचं नाव घेतलं. जीभ अडखळावी असं लांबलचक नाव, पण शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखं त्याने ते अचूक म्हटलं.

"हे तुझंच ना?"

तिचंच होतं. उमेदीची सगळी वर्षं तिने त्याच्यावर घालवली होती. करपा रोगाच्या बुरशीचा बीजाणू पानावर पडला की सोबत आणलेली चरबी जाळतो आणि त्या जोरावर पान भेदून आत शिरतो. ते एन्झाइम बंद पाडलं तर चरबी जळत नाही. बीजाणू पानाच्या वरच मरून जातो. हे तिने दाखवून दिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या थेंबांनी गच्च भरलेले ते मेलेले बीजाणू पाहिले, त्या दिवशी तिला घास गोड लागला होता.

"भिंगरीला ते नाही," तो म्हणाला. "जन्मापासूनच नाही म्हणे."

भिंगरी ही त्याची सहा वर्षांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ. अलीकडे मात्र जिना चढताना ती मध्येच बसायला लागली होती, तापात दोनदा बेशुद्ध पडली होती. पोर अंग धरत नाही म्हणून घरातले तिच्या पावावर लोणी जरा जास्तच फासत होते.

तिने मोजे पुन्हा हातात चढवले, पुन्हा काढले. मग ती समजावू लागली. बुरशी वेगळी आणि माणूस वेगळं. पोरीला उपाशी ठेवायचं नाही, थोड्याथोड्या वेळाने खायला घालायचं, पचतील अशी वेगळी तेलं मिळतात. बोलता बोलता तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा झाला. तो मान डोलवत राहिला. तिचं संपल्यावर म्हणाला, की डॉक्टरांनी हे सगळं सांगितलंय, पण आता उशीर झालाय. हृदय पार थकलंय. फार दिवस नाहीत.

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

तिला वाटलं होतं त्याहून ते कठोर निघालं. तो अंगठ्याच्या नखातला तपकिरी रंग खरवडत राहिला.

"घरी कुणाला बोललो नाही अजून. आठवडा झाला. तिची आई विचारते, रिपोर्ट आले का. मी म्हणतो, यायचेत. ताई, जिला सांगितल्यावर पुन्हा समजावून सांगावं लागणार नाही, अशी तू एकच आहेस."

तिने कोट काढून खुंटीला लावला. पान तसंच अर्धवट राहिलं.

बसमध्ये दोघांनी ठरवलं, की बोलायला सुरुवात तिने करायची. त्यानंतर दोन थांबे जायच्या आत तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपला. शेजारचा प्रवासी बघत होता. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत राहिली. प्रत्येक वाक्यात ते लांबलचक नाव येत होतं आणि ती ते वगळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

दार वहिनीने उघडलं. कोपरापर्यंत हात साबणाने भरलेले. आतून भिंगरीने विचारलं, कोण आलंय?

कामाच्या दिवशी, भरदुपारी दारात उभ्या असलेल्या नणंदेकडे वहिनीने पाहिलं. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. तिने हात कपड्यांना पुसले, बराच वेळ पुसले.

"आत्या आलीय," तिने मागे वळून सांगितलं. आणि मग हळू आवाजात म्हणाली,

"या, ताई. आधी तिच्याशी थोडं खेळा. मग सांगा."